विश्वामित्रीच्या पातळीचे आकडे साठवणार कसे?

संपादक महोदय,

ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर विश्वामित्री नदीवर पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवा, असे बडोद्यात जो तो म्हणतो. मागणी रास्तच आहे. पण सेन्सरने पाठवलेला आकडा पुढे कुठे आणि कसा राहणार, हे निविदेतच लिहून घ्यायला हवे. नाहीतर काळ्या घोड्याजवळच्या पुलाची आत्ताची पातळी तेवढी दिसेल, तासाभरापूर्वीची विचारली तर कोणाकडेच नसेल.

पसारा मोठा नाही. दर ५ मिनिटांनी एक, अशा एका सेन्सरच्या दिवसाला २८८ नोंदी होतात, वर्षाला १,०५,१२०. २० ठिकाणे धरली तरी वर्षाला २१ लाख. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर वेळेनुसारच्या नोंदींसाठीची टाइमस्केलडीबी ही जोड एवढ्याला आरामात पुरते. याहून महागडी यंत्रणा विकायला येणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. सर्व्हरवर नजर ठेवण्यासाठीचे प्रॉमिथियस मात्र इथे वापरू नये. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये १५ दिवसांपूर्वीचे आकडे पुसले जातात.

खरी गोम वेळेच्या शिक्क्यात आहे. ऐन पावसात मोबाइलची रेंज जाते, लॉगर (सेन्सरजवळचे नोंदी टिपणारे यंत्र) नोंदी स्वतःकडे ठेवतो आणि रेंज आली की दोन तासांच्या २४ नोंदी एकदम ढकलतो. त्यांवर सर्व्हरला पोचल्याची वेळ पडली, तर पाणी मिनिटभरात सहा फूट चढल्यासारखे दिसते. म्हणून मोजल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ असे दोन रकाने हवेत. सेन्सर क्रमांक व मोजल्याची वेळ ही जोडी युनिक, म्हणजे तक्त्यात एकदाच येऊ शकणारी, ठेवावी, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तरी दुप्पट होत नाही. न आलेली नोंद रिकामीच राहू द्यावी, शून्य भरू नये.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवावी, पण बेरजा करताना सांभाळावे. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे ५.३० ला बदलते, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०. पाऊस आणि पातळी एकाच आलेखावर हवी असेल, तर दिवस कुठून धरायचा ते टाइम_बकेटला (नोंदींचे तास-दिवसांचे गट पाडणाऱ्या टाइमस्केलडीबीतल्या फंक्शनला) सांगावे लागते. तासाची नुसती सरासरीही ठेवू नये. सर्वोच्च पातळी त्यात बुडून जाते.

आणखी एक. रडार सेन्सर पातळी मोजत नाही, स्वतःपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो. दुरुस्तीनंतर तो ४ इंच खाली बसला की नदी ४ इंच चढलेली दिसते. तेव्हा मोजलेले अंतर जसेच्या तसे साठवावे आणि सेन्सरची उंची तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवावी. नवी लिहिताना जुनी खोडू नये.

आपले,
डेटाबेसचे काम करणारे काही बडोदेकर