वाचाघातावर सहा महिन्यांनंतरही उपचार होतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो, म्हणजे मेंदूतील इजेमुळे त्यांचे बोलणे, बोललेले समजणे, वाचणे, लिहिणे कमी-अधिक अडते. हातपाय पुन्हा चालावेत म्हणून घरी फिजिओथेरपिस्ट येतो, रक्तदाबाच्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या जातात. बोलण्याबाबत मात्र ‘सहा महिन्यांत काय यायचे ते येते, पुढे फार आशा ठेवू नका’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते. माझ्या यजमानांच्या वेळी आम्हालाही हेच ऐकवले गेले. अलीकडच्या संशोधनात या समजुतीला आधार सापडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

जर्मनीतील १९ केंद्रांत झालेल्या आणि २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पक्षाघाताला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ उलटलेले १५६ रुग्ण होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार (स्पीच थेरपी) मिळाल्यावर त्यांचे रोजच्या व्यवहारातील बोलणे सुधारले. तेवढाच काळ नुसते थांबलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. पुढे सहा महिन्यांनी तपासले तेव्हाही मिळवलेले टिकून होते. आपल्याकडे आठवड्याला अर्धा-पाऊण तास मिळाला तरी नशीब समजायचे.

अर्थात सुरुवातीपासून भडिमार करावा, असे यातून निघत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उपचारांचे तास वाढवून नेहमीपेक्षा जास्त फायदा होत नाही, असे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चाचणीत आढळले. मेंदूला बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोगही चालू आहेत, पण ते वाचोपचाराच्या जोडीने. त्याला पर्याय म्हणून कोणी ते विकत असेल तर कुटुंबीयांनी सावध राहावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ब्रिटनमधील २०१९ सालची चाचणी. तिच्यात २७८ रुग्ण होते. संगणकावर सराव करणाऱ्यांनी आपल्या आयुष्यातले, आपल्याला हवे असलेले शब्द निवडले होते आणि ते शब्द त्यांना नक्कीच अधिक सापडू लागले. पण प्रत्यक्ष संभाषण मात्र तेवढ्याने सुधारले नाही. म्हणजे शब्द संगणकावर घोटता येतात, ते गप्पांत उतरवायला समोर माणूसच लागतो, आणि तो बहुधा घरातलाच असतो. त्याला हे कोणी शिकवत नाही. माझे यजमान बेचा पाढा न अडखळता म्हणतात, पण ‘चहा हवा की पाणी?’ या प्रश्नाला त्यांना शब्द सापडत नाही. पाठ असलेले म्हणणे आणि हवा तो शब्द शोधून बोलणे या मेंदूच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाऊक नसल्याने नातेवाईक ‘मुद्दाम बोलत नाहीत’ किंवा ‘डोके गेले’ म्हणून मोकळे होतात. वाचाघातात भाषा अडते, बुद्धी आणि शहाणपण जात नाही. कपाकडे बोट दाखवून शांतपणे थांबावे, फार तर ‘च’ एवढाच पहिला आवाज द्यावा, हे आम्हाला एका तरुण स्पीच थेरपिस्टने दाखवले. तिच्याजवळची चित्रकार्डे मात्र परदेशी होती. स्नोमॅन आणि टोस्टर ओळखून आमच्या घरात कोणाशी काय बोलायचे? पेन्शन, भाकरी, नातवंडांची नावे असा सराव मराठीत, शक्य तर त्या-त्या बोलीत तयार व्हायला हवा.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपिस्टचे भरलेले पद असावे, ही मागणी वावगी नाही. ते होईपर्यंत एक गोष्ट बिनखर्चाची आहे: पक्षाघाताच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर वाचाघात आहे की नाही, जवळचा स्पीच थेरपिस्ट कुठे आहे आणि सहा महिन्यांनंतरही उपचार घेता येतात, एवढ्या तीन ओळी मराठीत लिहून द्याव्यात. आरोग्य विभागाने तसा आदेश काढावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सांगली