मिस्त्रीकाका, ही नऊ किलोची दुर्बीण तुमची

डोंबिवली

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

पैसे हातात घेताना तुम्ही म्हणालात, हिशेब मिटला. माझ्या मते तो मिटलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आठ इंची आरशाची दुर्बीण घरी करणारे पुष्कळ आहेत. पण मला एकटीला ती तीन जिने उतरवता येते, कर्जत लोकलमध्ये चढवता येते आणि वांगणीच्या अंधारात नेता येते, हे तुमच्यामुळे. विकतची तेवढीच दुर्बीण स्टँडसकट सहज वीस किलोपर्यंत जाते.

मी आले तेव्हा माझ्याकडे आरसा तयार होता आणि सोबत जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीचा आराखडा. डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायची पेटी वापरून त्यांनी मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. हे ऐकून तुम्ही किती खूश झाला होतात! मग आराखड्यावर बोट ठेवून विचारलंत, "ताई, यात वजन कुठनं कुठं जातं?"

सगळं डिझाइन त्या एका प्रश्नातून बदललं. दुर्बीण ज्या बिंदूवर वरखाली झुलते, त्याच्या वीस सेंटिमीटर खाली दीड-दोन किलोचा आरसा आणि ऐंशी सेंटिमीटर वर आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं टोक. म्हणजे वर शंभर ग्रॅम वाढले, तर तोल राखायला आरशापाशी चारशे ग्रॅम वाढवावे लागतात. हे कळल्यावर तुम्ही वरच्या पिंजऱ्याच्या, म्हणजे आयपीस धरणाऱ्या चौकटीच्या, दोन रिंगांऐवजी एकच ठेवलीत. बारा एमएमच्या प्लायची, जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ती पावणेदोनशे ग्रॅम भरली, तरी तुम्ही आतली कड पुन्हा घासायला घेतलीत.

नळ्यांचं काम तर मला शेवटपर्यंत लक्षात राहील. वरची रिंग आणि खालची पेटी जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सहा नळ्या, दोन-दोन मिळून एकेक त्रिकोण. त्रिकोणात नळीवर ताण येतो किंवा दाब, वाकवणारा जोर फारसा येत नाही, म्हणून एक मिलिमीटर जाडीची पोकळ नळी पुरते. अडचण फक्त टोकांची असते, कारण बोल्ट आवळला की पातळ नळी चेपते. तुम्ही उरल्यासुरल्या सागवानाचे छोटे गट्टे रंधून, नळीच्या टोकात हाताने फिरवत घट्ट बसतील असे केलेत आणि भोकं त्यांच्यातून आरपार पाडलीत. आता बोल्ट कितीही आवळा, सांधा हलत नाही.

खालच्या पेटीत तुम्ही जाड फळीचा हट्ट सोडायला लावलात. टेफ्लॉनचे तीन तुकडे तळाच्या तीन पायांच्या बरोब्बर डोक्यावर बसवलेत. "भार सरळ जमिनीत जाऊ दे, फळीला वाकायचं काम लावू नको." त्या तीन तुकड्यांवर सनमायका फिरते. टेफ्लॉन आणि सनमायकाची ही जोडी दुर्बिणींसाठी नावाजलेली, कारण सुरुवातीला लागणारा जोर आणि फिरत ठेवायला लागणारा जोर त्यात जवळपास सारखाच असतो. पृथ्वी फिरते तसा शनी आयपीसमधून सरकत जातो आणि त्याच्यामागे दुर्बीण केसाएवढी ढकलत राहावी लागते. आपली दुर्बीण एका बोटाने, हिसका न बसता सरकते. वांगणीला आलेल्या अनुभवी मंडळींनी सगळ्यात आधी हेच विचारलं, की पेटी कोणी केली. मी तुमचं नाव सांगितलं.

दिवाळीनंतरच्या अमावास्येला काकूंना घेऊन वांगणीला या. मृगातला तेजोमेघ तुम्ही स्वतः पाहायलाच हवा. आणि हो, दहा इंची आरशासाठी काच आणली आहे. ती घासून होईपर्यंत पेटीचा आराखडा तुम्ही काढा, या वेळी मोजमापं मी तुमच्याकडून घेणार आहे.

तुमची,
दुर्बीणवाली ताई