एका सामन्याचा पिचर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एकच मॅच खेळले मी. ती काय धरायची?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री बर्ट शेपर्ड आठवला. अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपल्याकडच्या बोलरसारखा बॉल टाकणारा, तुझ्यासारखाच डावखुरा.

दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमान चालवायचा. मे १९४४ मध्ये जर्मनीत त्याचं विमान पडलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचा जीव वाचवला तो शत्रूकडच्याच एका डॉक्टरने. पुढे कैद्यांच्या छावणीत डॉन एरी या कॅनडाच्या कैद्याने त्याला कृत्रिम पाय बनवून दिला. त्या पायावर गडी तिथेच बॉल टाकायला लागला!

आता नीट बघ. डावखुरा पिचर डाव्या पायाने रेटा देतो आणि सगळं अंग उजव्या पायावर येतं. तुझाही पुढचा पाय उजवाच. म्हणजे प्रत्येक बॉलला त्याचा सगळा भार त्या कृत्रिम पायावर आदळत होता.

४ ऑगस्ट १९४५. शेपर्डचा संघ वॉशिंग्टन सेनेटर्स, समोर बॉस्टन रेड सॉक्स. चौथ्या इनिंगमध्ये (एका सामन्यात अशा नऊ असतात) बॉस्टनने वॉशिंग्टनला धू धू धुतलं होतं, सामना गेल्यातच जमा होता. तिन्ही बेस भरलेले, म्हणजे बॉस्टनचे तीन गडी रन काढायला टपलेले, एक गडी बाद व्हायचा बाकी. तेव्हा शेपर्डला बोलावलं. त्याने समोरच्या फलंदाजाला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि पुढच्या पाचही इनिंग एकट्याने टाकल्या. हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके, दिल्या फक्त ३, रन १. वॉशिंग्टन १५-४ असं हरलं ते हरलंच.

त्या मोठ्या लीगमध्ये त्याला पुन्हा कधी बॉल मिळाला नाही. युद्ध संपलं, धडधाकट खेळाडू परत आले. लोकांना त्याचा पायच तेवढा आठवतो, मला मात्र त्या ३ हिट आठवतात. बॉस्टनचे फलंदाज काही दया म्हणून चुकत नव्हते गं.

तुझ्या त्या मॅचला मी बाउंडरीपाशी बसलो होतो. ८ ओव्हर, १९ रन, २ विकेट. स्कोअरशीट मी जपून ठेवलंय. पुढे तुला का घेतलं नाही, ते मला आजही कळलेलं नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. पण त्या ८ ओव्हर तू टाकल्यास, त्या मी धरतो.

उजव्या बुटाचा सोल मोच्याकडून शिवून आणलाय. रविवारी येशील तेव्हा घालून बघ.

तुझा,
बाबा