सिनेमा अर्धा नाही, पाटी चुकली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या दोन रविवारी तुम्ही पुरवणीत स्पायडरमॅनच्या त्या ॲनिमेशनवाल्या दुसऱ्या भागावर, म्हणजे 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स'वर, वाचकांची पत्रं छापलीत. एकाचं म्हणणं असा सिनेमा पुन्हा होणे नाही, अन् दुसऱ्याचं म्हणणं अर्धा सिनेमा दाखवून तिकीट मात्र पूर्ण घेतलं. दोन्ही पत्रं मी पोळ्या लाटता लाटता पोरांकडून मोठ्यानी वाचून घेतली, कारण हेच भांडण आमच्या ओसरीवर जून २०२३ पासून चालू आहे अन् अजून मिटायचं नाव नाही.

मी घरून डबे देते. इंजिनिअरिंगची पाच-सहा पोरं मात्र रात्री इथंच येऊन जेवतात, त्यातला एक बऱ्हाणपूरचा अन् एक देवासचा, दोघं आता शेवटच्या वर्षाला आलेत. बऱ्हाणपूरवाल्याला ह्या सिनेमाविरुद्ध एक शब्द खपत नाही. देवासवाला म्हणतो, "भिया, १४० मिनिटं बसवून ठेवायचं अन् ऐन टायमाला 'टू बी कंटिन्यूड'? हा पिक्चर होता का इंटरव्हल?" मग तो पहिला हातातली पोळी तशीच धरून उभाच राहतो, इकडे वरण गार, भाताला पापुद्रा, अन् माझी भांडी घासायची बाई दारात कमरेवर हात ठेवून. ऑस्करपर्यंत गाडी जाते. पहिल्या भागाला २०१९ साली मिळालं, दुसऱ्याला २०२४ मध्ये नाही मिळालं, बघ म्हटलं ना फसला. अरे पण कोणापुढे हरला, जपानच्या ॲनिमेशनवाल्या मियाझाकींसारख्या माणसापुढे हरला, त्यात कसली लाज. असं चालतं साडेदहापर्यंत.

आता तुम्ही म्हणाल डबेवाल्या काकूंना स्पायडरमॅनमधलं काय कळतं. तर मी हा सिनेमा दोनदा पाहिलाय. एकदा भाच्याबरोबर थिएटरात हिंदीतून, अन् एकदा ह्याच पोरांच्या लॅपटॉपवर इंग्रजीतून, खाली अक्षरं लावून. अन् माझं स्पष्ट मत असं आहे की दोन्ही पार्ट्या चुकीच्या जागी भांडतायत.

आधी जे खरंच वाईट आहे ते सांगते. आवाज. सुरुवातीलाच ती ग्वेन, म्हणजे दुसऱ्या एका दुनियेतली मुलगी-स्पायडरमॅन, ढोल बडवते, म्हणजे तो इंग्रजी ड्रमसेट, अन् त्यावर ती काहीतरी मनातलं सांगते, तर मला थिएटरात त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. मला वाटलं झालं, आपले कान गेले, आता मशीन लावा. भाच्यालाही विचारलं, तो म्हणाला मावशी गप बस ना. नंतर पोरांनी सांगितलं की अमेरिकेतही लोकांची हीच ओरड होती की संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा जिवात जीव आला. पण हे सिनेमाचे भक्त मान्यच करत नाहीत! दुसरं म्हणजे तो ठिपक्यांचा व्हिलन, स्पॉट. काय मस्त सुरू होतो, दुकानातलं एटीएम पळवायला आलेला बावळट चोर, अंगावर काळी भोकं, एका भोकात पाय घातला की दुसऱ्यातून निघून स्वतःलाच लाथ बसते. पहिल्या भागात ज्याच्या डोक्यात पाव फेकून मारला होता तोच तो. हसता हसता हळूहळू त्याची भीती वाटायला लागते, अन् नेमका तेव्हाच तो जो गायब होतो तो पार शेवटाकडे उगवतो. मधल्या वेळात वेगवेगळ्या दुनियांतल्या शेकडो स्पायडरमॅनांची ती सोसायटी, त्यात घोड्यावरचा, मांजरीसारखा, डायनासोर, अन् तो मिगेल नावाचा चिडका अध्यक्ष. आमच्या कॉलनीच्या मीटिंगसारखं, जागा मोठी, माणसं भरपूर, अन् एकच गडी बोलतोय.

पण चांगलं आहे ते इतकं चांगलं आहे की ह्या तक्रारी करताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

ग्वेनच्या घराचे सीन बघा. तिच्या जगात भिंतींना ठरावीक रंगच नाही, तिचं मन जसं फिरेल तसे रंग बदलतात अन् ओघळतात. माझे मामा इथल्याच, इंदूरच्या आर्ट स्कूलला शिकलेले, ज्या स्कूलमध्ये बेंद्रे अन् हुसेन हे चित्रकार देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले तिथंच, अर्थात मामा पुढे शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. ते जलरंग करायचे तेव्हा आम्हाला कागदापाशी फिरकू द्यायचे नाहीत. कागद आधी ओला करायचे, मग त्या ओल्यावरच निळा सोडायचे अन् तो कुठवर पसरतो ते नुसते बघत बसायचे, म्हणायचे आता माझ्या हातात काही नाही. तर त्या सीनमध्ये बाप पोलीस कॅप्टन, समोर मुखवट्यातली पोरगी, त्यानी पिस्तूल रोखलेलं, ती मुखवटा काढते, अन् तरी तो पिस्तूल लगेच खाली घेत नाही. तिथे मागची भिंत अशी गळते की मला मामांचा कागद आठवला. भाच्याला सांगायला गेले तर पुन्हा मावशी गप बस.

तो पंक स्पायडरमॅन, हॉबी, तो तर तुमच्या पेपरची कात्रणं चिकटवून केल्यासारखाच दिसतो, बाकी सगळे एका चालीनी हलतात अन् हा भलत्याच. पोरं त्याच्यावर फिदा आहेत. मला पवित्र प्रभाकर आवडला, मुंबई अन् मॅनहॅटन जोडून केलेल्या मुंबॅटनचा आपला देशी स्पायडरमॅन, खाली धोतरासारखं काहीतरी नेसलेला. प्रभाकर हे आडनाव कसं हा प्रश्न आमच्या घरी सगळ्यांना पडला, बापाचं नाव असणार. पण गडी खणखणीत आहे, 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे सिनेमाचा हिरो असलेल्या स्पायडरमॅनला, झापतो की चाय म्हणजेच टी, अन् केसांचं श्रेय सरळ खोबरेल तेलाला देतो. हिंदीत त्याला शुभमन गिलनी आवाज दिलाय. त्याच मोसमात आयपीएलमध्ये ८९० धावा कुटून आलेला, फायनल संपून तीन दिवस नाही झाले तर हा पडद्यावर. देवासवाल्याच्या मते त्यानी फक्त बॅटिंग करावी. ह्या एका मुद्द्यावर मी देवासच्या पार्टीत.

आता मूळ भांडण, अर्ध्या सिनेमाचं.

माइल्सची गोष्ट अर्धी आहे, कबूल. बापाला वाचवायला निघालेलं पोर भलत्याच दुनियेत जाऊन पडतं जिथे बाप आधीच वारलेला, काका जिवंत, अन् समोर बांधून घालणारा कोण तर आपणच, त्या दुनियेतला माइल्स. अन् तिथे पाटी, पुढे चालू. पण जरा सुरुवात आठवा. सिनेमा उघडतो कोणावर? ग्वेनवर. तिचा बँड तुटतो, बाप तुटतो. अन् शेवटाकडे ती घरी परत जाते, तेव्हा कळतं बापानी नोकरीच सोडलीय. इथे सगळी मेख आहे. मिगेल दोन तास बोंबलतोय की स्पायडरमॅनच्या जवळचा पोलीस कॅप्टन मरायलाच पाहिजे, तसं विधिलिखित आहे, नाहीतर दुनिया बुडेल. अन् ह्या माणसानी कॅप्टनपणच सोडून दिलं! मारामारी नाही, जाळं नाही, नुसता राजीनामा. विधिलिखिताला बगल देऊन बाप लेकीला जवळ घेतो अन् इतका वेळ थंड पडलेले भिंतीचे रंग ऊबदार होतात. मग ग्वेन स्वतःचा नवा बँड जमवते, माइल्सला शोधायला. तुटलेल्या बँडपासून जमलेल्या बँडपर्यंत, घ्या, गोष्ट पूर्ण झाली की! सिनेमा ग्वेनचा आहे, आपण सगळे माइल्सची पाटी बघून आत गेलो म्हणून अर्धा वाटला. हे मी पहिल्यांदा ओसरीवर बोलले तेव्हा बऱ्हाणपूरवाला पाच मिनिटं गप्प होता, जे आजवर कधी झालेलं नाही.

देवासवाला गप्प नाही बसला. तो म्हणाला, "काकू, ते सगळं सही आहे, पण मग सांगायला काय झालं होतं?"

अन् इथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्याचं बरोबर आहे. लहानपणी चातुर्मासात बाबा आम्हाला रामबागेकडे कीर्तनाला न्यायचे. पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, की उत्तररंगात बुवा आख्यान लावायचे, अन् असं रंगात आणायचे, रावण भिक्षा मागत दाराशी आलाय, सीतेनी रेषेबाहेर पाऊल टाकलंय, अन् बुवा झांज खाली ठेवून म्हणायचे, आता उद्या. आम्ही हळहळत घरी यायचो पण फसवलं असं कोणी कधी म्हटलं नाही. कारण देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनी लिहिलेलं असायचं, आख्यान सीताहरण, तीन दिवस. अन् दुसऱ्या दिवशी बुवा खरंच हजर असायचे.

ह्यांनी काय केलं? डिसेंबर २०२१ मध्ये पहिली झलक दाखवली तेव्हा नावापुढे चक्क 'पार्ट वन' होतं. म्हणजे फळा लिहिला होता! मग २०२२ मध्ये ते पुसून टाकलं, तिसऱ्या भागाला 'बियाँड' असं वेगळं नाव दिलं, अन् ज्यांनी बातम्या वाचल्या नव्हत्या ती आमच्यासारखी माणसं एक पूर्ण सिनेमा बघायला म्हणून बसली. थिएटरात ती अक्षरं आली तेव्हा माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ पॉपकॉर्नचा डबा हातात धरून दोन मिनिटं तसेच बसून होते, त्यांना वाटत होतं रीळ अडकली असेल. बरं, बुवा उद्या तरी येणार का? तर तिसरा भाग मार्च २०२४ ला येणार होता, तो तारखेवरूनच उतरवला, अन् आता २०२७चा जून सांगतायत. चार वर्षं सीता एक पाय रेषेबाहेर टाकून उभी.

जाता जाता एक आमची इंदूरची तक्रार. हा सिनेमा इंग्रजी धरून दहा भाषांत आला अन् त्यात ह्या वेळी मराठीही होती. २००७ साली तिसरा स्पायडरमॅन भोजपुरीत येऊन गेला तेव्हा मराठी नव्हती, तेव्हा आनंदच झाला. पण मी इथे मराठी शो शोधला तर एक मिळाला नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला मराठीत कोण बघणार मॅडम. अहो, सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असलं की एका नाटकाचे पाच पाच प्रयोग ह्याच शहरात होतात, पार्किंगला जागा मिळत नाही! तिसऱ्या भागाच्या वेळी तुमच्या पेपरनी ह्यावर आधीच चार ओळी लिहाव्यात, थिएटरवाले तुमचं ऐकतील, माझं नाही ऐकणार.

२०२७ पर्यंत ही दोन्ही पोरं नोकरीला लागून कुठल्या कुठे गेलेली असतील. देवासवाल्यानी आत्ताच सांगून ठेवलंय की तो जिथे असेल तिथून येईल, तिकीट त्याचं, पोहे माझे, अन् सिनेमा पुन्हा अर्धा निघाला तर भांडी त्या बऱ्हाणपूरवाल्यानी घासायची. बऱ्हाणपूरवाला कबूल झालाय.

पत्र लांबलं ह्याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर मधला आवाजाचा भाग कापा, नाहीतर शुभमन गिलचा कापा, पण कृपा करून शेवट उडवून खाली 'क्रमशः' टाकू नका.

आपली एक नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर