सुमे, लांज्यापर्यंत आले होते मी

रत्नागिरी, १० जून

प्रिय सुमे,

मधुराच्या लग्नाला मी ताप आला म्हणून आले नाही असं तुला सांगितलं होतं ना, ते खोटं. लांज्यापर्यंत आले होते गं मी, अंजिरी पैठणी नेसून, नंदूच्या गाडीत पुढच्या सीटवर. हातखंब्याला गाडी थांबवली, पालीला थांबवली, लांज्याला एका हॉटेलच्या मागच्या संडासात अर्धा तास. बाहेर आले तेव्हा निऱ्या ओल्या, धुवून धुवून. नंदू म्हणाला, आई राजापूरला बघू परत काहीतरी. मी म्हटलं, घरी ने. आणि मग सहा महिने तुझा फोन आला की माझं दूध उतू जायचं. एवढं दूध आमच्याकडे येतं तरी का!

बाकी आम्ही बरे आहोत, ह्यांचं बीपी जैसे थे.

तर आधीच्या दिवाळीपासून सुरू होतं हे जुलाबाचं. दिवसाला दहा-बारा वेळा, नुसतं पाणी, रक्त नाही, ताप नाही, रात्री झोपेतूनसुद्धा उठवायचं. इथल्या डॉक्टरांनी तीनदा अमिबाचा कोर्स दिला. सोनोग्राफी नॉर्मल, शौच तपासणी नॉर्मल. मग दुर्बीण घातली आतड्यात, तीही नॉर्मल, की झालं, बाई तुम्ही टेन्शन घेता. जाऊबाईंनी देवळात गाऱ्हाणं घालून घेतलं, कोणी कुड्याची साल दिली, कोणी जायफळ उगाळून, आणि मी पेज पिऊन पिऊन सात किलो उतरले. लोक म्हणायचे, काय बारीक झालात, काय करता? काय सांगू, परसाकडे जाते!

मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की हे डोक्यातलंच आहे. तुला माहितीये मी किती घाबरट ते, जोगळेकर बाईंच्या तासाला कशी गत व्हायची.

मार्चमध्ये नंदूने कोल्हापूरला नेलं. आंबा घाटात काय झालं ते भेटल्यावर. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला तर बायोप्सी घेतली होती का, म्हणजे तपासायला आतड्याचा तुकडा? नव्हती. ते म्हणाले, दुर्बिणीला आतडं छान गुलाबीच दिसतं, दोष दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणून नावच मायक्रोस्कोपिक कोलायटिस. परत ते पोट साफ करायचं खारट लिंबाचं पाणी रात्रभर ढोसलं, ह्या खेपेला आतड्याच्या दोन्ही बाजूंचे बारीक बारीक तुकडे काढून बाटल्यांत घातले. रिपोर्ट आला, आतड्याच्या अस्तराखाली कोलॅजेनचा थर जमलाय, एरवी पाच मायक्रॉनच्या आत असतो, माझा दहाच्या वर. ताटावर फणसपोळी थापतो तसा, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. ह्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकारात म्हणे पांढऱ्या पेशींची गर्दी होते. पन्नाशी-साठीच्या बायकांना जास्त. नंदूने शोधून काढलं की लिंडस्ट्रॉम नावाच्या माणसाने १९७६ साली स्वीडनमध्ये हे पहिल्यांदा लिहिलं. १९७६! म्हणजे आपण आठवीत, तू माझा कंपास ढापलास ते वर्ष. (ढापलासच. अजूनही कबूल करत नाहीस.)

याचा कॅन्सर होत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, तेव्हा मी तिथेच रडले.

गुडघ्यासाठी मी रोज खायची ती वेदनाशामक गोळी आणि तिच्या जोडीची ॲसिडिटीची, दोन्ही बंद केल्या, त्यांनीही हे होऊ शकतं म्हणे. गव्हाची ॲलर्जी तपासली, नाही निघाली. आणि ब्युडेसोनाइड, सकाळी ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे. स्टिरॉइड म्हटल्यावर मी घाबरले, पण हे आतड्यात काम करतं आणि पुढे यकृत बहुतेक सगळं मोडून टाकतं, अंगात थोडंच फिरतं. दुसऱ्या आठवड्यात, सुमे, काय सांगू, नीट झाली! मी ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, पेढे आणू का?

पण आता गोळी उतरवतायत. ६ झाली, आता ३. बंद केल्यावर निम्म्याहून जास्त जणांना परत येतं असं त्यांनीच सांगितलंय, आलं तर कमी डोसवर ठेवू, त्यात काय. त्यांचं त्यात काय! परवा सकाळी दोनदा जावं लागलं आणि मी तिथेच बसून हिशोब करतेय की हा आदल्या दिवशीच्या फणसाचा प्रताप की तेच परत. आठ गरे खाल्ले होते. की दहा. तेव्हापासून घराबाहेर पडले नाहीये, भाजीवालाही दारात बोलावते. हे कोणाला सांगू? जाऊबाई परत गाऱ्हाणं घालतील.

मधुरा पुण्यात रुळली का? तुझा मोतीबिंदू झाला ना? फोटोत जावई चांगला वाटला, मिशी सोडून.

मी येतेय. पुढच्या महिन्यात, रेल्वेने, डब्यात संडास असतो. कंपास काढून ठेव, आणि मला माडीवरची खोली नको देऊस, न्हाणीघराला लागून आहे ना ती दे.

तुझीच,
शालू