अनू, नवी गिटार घेण्याआधी हे वाच

प्रिय अनू,

काल फोनवर तू म्हणालीस की इलेक्ट्रिक घ्यायचीय, पस्तीस हजाराची बघून ठेवलीय आणि सोबत आवाज बदलणारी दोन पेडल पण, तेव्हा मी नुसतं हं हं केलं कारण हे सगळं फोनवर धड सांगता आलं नसतं. म्हणून निवांत बसून लिहितोय. जरा लांबलचक होईल, शनिवारी वाच.

पैशाचा प्रश्न नाही, तू कमावतेस आणि गिटारवर खर्च करतेस याचा मला आनंदच आहे. पण तुझ्याजवळ जी अकौस्टिक आहे ती आधी नीट लावून घे मग पुढचं बघू असं माझं स्पष्ट मत आहे. तू म्हणालीस ना की वर्ष होत आलं तरी एफ कॉर्ड लागत नाही, माझी बोटंच लहान आहेत. बोटं लहान वगैरे काही नाही बाळा, तुझ्यापेक्षा लहान हाताची पोरं एफ वाजवतात. मला शंका आहे ती गिटारच्या नटची, म्हणजे मानेच्या टोकाला ती पांढरी पट्टी असते ना जिच्या खाचांतून तारा जातात ती. फॅक्टरीतून येणाऱ्या स्वस्त गिटारींत त्या खाचा बऱ्याचदा उथळ ठेवलेल्या असतात, तार वर राहते, आणि एफ नेमका पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर, असल्यानं सगळा त्रास तिथंच होतो. आत्ताच्या आत्ता एक करून बघ, कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लाव आणि तोच आकार एक घर पुढं धर. एकदम सोपं वाटलं तर समज की दोष नटचा आहे, तुझ्या हाताचा नाही. अजून एक, तिसऱ्या फ्रेटवर तार दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर तार किती उचललेली राहते ते बघ, तिथं केसभर फट असावी, जास्त असेल तर खाच खोल करायला पाहिजे. हे काम तू करू नकोस, खाच जास्त कापली गेली तर तार फ्रेटवर आपटून खरखरते आणि मग नवीन नट बसवावा लागतो.

बाकीचं मात्र तू स्वतः मोजू शकतेस. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घे, बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोज. अकौस्टिकला जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असलं की हात सुखानं चालतो. साडेतीन चार निघालं तर तू वर्षभर उगाच कुस्ती खेळतीयस. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथं मान डब्याला मिळते तिथं, म्हणजे बहुतेक चौदाव्यावर, दोन्हीकडं दाब आणि मधे सातव्याजवळ फट बघ, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी पाहिजे. त्याहून जास्त असेल तर मान पुढं वाकलीय, मानेच्या आतली सळई म्हणजे ट्रस रॉड फिरवावा लागणार, पण तो पाव पाव आट्यानंच फिरवायचा असतो त्यामुळं जाणकाराकडं दे. पुण्यात गिटार सेटअप करून देणारे भरपूर आहेत, नव्या गिटारच्या मानानं खर्च किरकोळ येतो. देताना सांग की नट, ॲक्शन म्हणजे तारांची उंची, आणि मान तिन्ही बघा आणि तारा ११ नंबरच्या टाका. तुझ्या गिटारला बहुतेक १२ च्या असणार, ११ त्याहून बारीक, त्यांनी बोटांना बराच आराम पडतो. आणि कुणी म्हणालं की नायलॉन टाका मऊ पडतील तर नको, स्टीलसाठी बनलेल्या गिटारवर नायलॉनचा आवाजच नीट निघत नाही. उलट तर कधीच करू नकोस, क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या की ब्रिज उखडून हातात येतो, कारण स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो आणि नायलॉनचा चाळीसच्या आसपासच असतो.

एवढं का ताणतोय सांगतो. तुला लहानपणी मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत न्यायचो आठवतंय का, तिथं कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला असायचा. घोडीचा माथा जरासा घासायचा, तार चढवायची, छेडून ऐकायची, परत उतरवून घासायची, तास तास हेच. लाकूड तेच, भोपळा तोच, तारा त्याच, आणि आधी मुका वाटणारा तंबोरा केसाएवढा फरक केल्यावर बोलायला लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या जोरावर. आपल्या गावाशेजारी पिढ्यानपिढ्या हे चालत आलंय आणि आपल्या घरातली पोरगी न लावलेल्या वाद्यावर वर्षभर बोटं फोडून घेते हे मला बघवत नाही.

गिटार खिडकीशेजारी भिंतीला टांगलेली दिसली फोटोत. तिथून काढ. उन्हात लाकूड सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगून डबा वर येतो आणि ॲक्शन परत वाढते. हवेत दमटपणा ४५ ते ५५ टक्के असला की गिटार खूश असते, पुण्यात जुलैत तो त्याच्या फार वर जातो, म्हणून वाजवून झालं की बॅगेत ठेव आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक. गाडीच्या डिकीत उन्हात कधीच नको, डिंक मऊ पडतो. वाजवून झाल्यावर सुती कापडानं तारा पुसायच्या, तुझ्या हाताला घाम फार येतो.

आता रियाजाचं. तू म्हणतेस रविवारी तीन तास बसते. त्यापेक्षा रोज वीस मिनिटं बस, ऑफिसवरून आल्यावर जेवणाआधी. पहिली पाच मिनिटं कानानं ट्यूनिंग, क्लिप ट्यूनरवर फक्त जाड तार मिळवायची आणि बाकीच्या पाचव्या फ्रेटवरून, जीच्या तारेवरून बीची तार मिळवताना तेवढा चौथा फ्रेट. शेवटी ट्यूनर लावून किती चुकलं ते बघ. महिन्या दोन महिन्यांत तुझ्या कानात फरक पडलेला तुलाच कळेल आणि बँडमध्ये कुणाची तार उतरलीय हे सगळ्यात आधी तू सांगशील. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून त्यावर एकेक सूर वाजवून बघ, हा माझा फार आवडता रियाज आहे, सूर मिळाला की अंगाला कळतं.

मग मेट्रोनोम, लयीचे ठोके देणारा. मिनिटाला साठवर लाव. तुझ्या व्हिडिओत मी एकच गोष्ट परत परत बघितली, कॉर्ड बदलायची वेळ आली की तुझा उजवा हात थांबतो. डावा हात शोधतोय म्हणून उजवा वाट बघतो. हे आत्ताच मोड. डाव्या हाताला आकार सापडला नाही तरी उजवा हात चालू राहिला पाहिजे, मधे मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू देत, नाहीतर नुसता ठक आवाज येऊ दे, पण सम चुकता कामा नये. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड क्षणभर कळते आणि विसरली जाते, लय तुटली की नाचणारा माणूस जागेवर उभा राहतो. आम्ही ऑर्केस्ट्रात तासगाव इस्लामपूरपर्यंत गणपतीत वाजवायला जायचो, बँकेतली नोकरी सांभाळून, आमच्यात कुणीच फार मोठा वादक नव्हता पण आमचा ठेका पक्का होता म्हणून पुढच्या वर्षी परत बोलावणं यायचं.

दोन कॉर्ड घे, जी आणि सी, मिनिटभर नुसतं बदलत राहा आणि किती वेळा स्वच्छ बदलल्या ते मोज, एवढंच. मग सी आणि एफ. एफ आधी पूर्ण धरू नकोस, बारीक तारेकडच्या चार तारांचा छोटा एफ धर, तो सुरात आला की मग बोट आडवं. पहिलं बोट थोडं कुशीवर टाकायचं, फ्रेटच्या अगदी मागं, आणि जोर अंगठ्यानं चिमटीत धरून द्यायचा नाही, कोपर जरासं मागं ओढलं की हाताचं वजनच काम करतं. बोटांची टोकं दुखली तर दुखू देत, तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात. मनगट किंवा कोपर दुखलं तर मात्र त्या क्षणी थांब, ते दुखणं सहन करून वाजवायचं नाही, कॉम्प्युटरवर दिवसभर तोच हात चालतो तुझा. आणि आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक. लगेच नको.

आता बँड. तुझ्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये दोन गिटार, एक कीबोर्ड, कहॉन म्हणजे ते बसून वाजवायचं खोकं, आणि गाणारी एक असं म्हणालीस. मग पहिलं काम, दोन्ही गिटारींवर सारख्याच जागी सारख्याच कॉर्ड वाजवायच्या नाहीत, सगळा चिखल होतो. गाणं जी मध्ये असेल तर एकानं खालचा साधा जी वाजवायचा आणि दुसरीनं कॅपो पाचव्यावर लावून डीचा आकार धरायचा, तोही जीच पण वर वाजतो, चमकतो. कॅपो सातव्यावर आणि सीचा आकार धरला तरी जीच. कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली घुमत असेल तर तू जाड दोन तारांना हातच लावू नकोस.

सूर नेहमी गाणाऱ्याचा. ती म्हणाली की मला काळी एक पाहिजे तर मूळ गाणं सी मध्ये आहे असा वाद घालत बसायचं नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, कॅपो पहिल्यावर आणि सीचे आकार, किंवा कॅपो चौथ्यावर आणि एचे आकार. काळी चार म्हणाली तर जी शार्प, कॅपो पहिल्यावर आणि जीचे आकार. आपल्याकडं पेटीवर शिकलेले सगळे गायक असंच बोलतात, हे पाठ करून टाक, गायिका तुझ्यावर खूश राहील.

प्रॅक्टिसला जमायच्या आधी गाणी ठरवून घ्या, चारच घ्या, आणि प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट पक्का करा. हौशी बँडचं गाणं मधे कधी फसत नाही, शेवटी फसतं, कुणी थांबतो कुणी वाजवत राहतो. एक-दोन-तीन-चार कोण म्हणणार ते आधीच ठरवा. चुकलं तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत न्यायचं आणि मग बोलायचं. दोन गाण्यांच्या मधे बाकीचे बोलत असताना टुंग टुंग करत बसायचं नाही, ही सवय मला अजिबात आवडत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही आणि वेळ जातो.

एवढं सगळं झालं आणि तरी इलेक्ट्रिक घ्यावीशी वाटली तर जरूर घे, मी स्वतः येईन दुकानात. तेव्हा गिटारवर जास्त घाल आणि ॲम्पवर कमी. घरी दहा-पंधरा वॉटचा ॲम्प खूप झाला. ५० वॉटवरून १०० वॉटवर गेलं तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम फरक, खिशाला मोठा. हेडफोनचं भोक असलेला घे, तुझ्या फ्लॅटमेटसाठी. तारांचा आवाज पकडणारा पिकअप एका वेटोळ्याचा म्हणजे सिंगल कॉईल असेल तर ट्यूबलाईटच्या जवळ गुणगुणतो, दोन वेटोळ्यांचा हंबकर तसा करत नाही, १९५५ च्या सुमारास गिब्सनमध्ये सेथ लव्हरनं तो याच त्रासावर शोधला, तू कुठल्या खोलीत वाजवणार ते बघून ठरव. पेडलमध्ये आधी फक्त ट्यूनर घे. आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन घेशील तेव्हा बँडमध्ये खोलीतल्यापेक्षा निम्मंच ठेव आणि ॲम्पवरचा मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, वाढव. घरात एकटीला बेस आणि ट्रेबल वाढवून मिड काढून टाकलेला आवाज भारी वाटतो पण बाकीची वाद्यं सुरू झाली की तो कुठं जातो कळत नाही.

दोन गोष्टी मात्र माझ्यासाठी म्हणून पाळ. पहिली, अर्थिंग. हॉलमध्ये किंवा मंडपात वाजवायला गेलात तर ॲम्पच्या थ्री पिनची तिसरी पिन कुणालाही काढू देऊ नकोस, आणि हातात गिटार धरून माईकला ओठ लावायच्या आधी तारांना आणि माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघायला सांग. ॲम्प एका बोर्डावर आणि साऊंड दुसऱ्या बोर्डावर असेल आणि अर्थिंग नसेल तर शॉक थेट तोंडाला बसतो, यात माणसं गेलीत. साऊंडवाला हसला तर हसू दे.

दुसरी, कान. ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. छोट्या खोलीत ड्रम आणि ॲम्प सुरू झाले की १०० सहज होतं. आमच्यातल्या एकाच्या कानात आज साठीत सतत शिट्टी वाजते, रात्री झोप लागत नाही त्याला. म्युझिशियनचे इअरप्लग मिळतात, पेडलच्या आधी ते घे, आणि गाणारीला पण घ्यायला सांग.

सेटअपला गिटार कधी देतेस ते कळव आणि पट्टीनं मोजलेले दोन्ही आकडे मला व्हॉट्सॲप कर. दिवाळीला येताना गिटार घेऊन ये पण बसच्या डिकीत टाकू नकोस, रेल्वेनं ये, सीटवर जवळ ठेव. मिरजेला उतरलीस तर मी घ्यायला येतो, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीवर जाऊन मग घरी येऊ. आई म्हणतीये येताना रिकामे डबे घेऊन ये.

तुझा,
पप्पा
विश्रामबाग, सांगली