रडू नका, असं सांगू नका

संपादक महाशय,

पत्नी ख्रिस्तवासी झाल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण समजावतो : ‘रडू नका, ती प्रभूकडे सुखात आहे.’ आहेच, त्याबद्दल शंका नाही. पण सकाळी पोह्यांवर शेव घालताना हात अजून दोन बशांकडे जातो, त्याचं काय करू? मला धीर दिला तो योहानाच्या शुभवर्तमानातल्या 11व्या अध्यायाने. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मग मी कोण? शेजारच्या काकू (त्या वारकरी घरातल्या) काही न बोलता पिठलं-भात ठेवून गेल्या. आमच्या मंडळींनी, पाळकसाहेबांनीसुद्धा, कधी तसंच नुसतं येऊन बसावं. वचनं नंतर ऐकू.

— एक वाचक, इंदूर